कापडावरचे शंभर ठिपके: वर्गात नैसर्गिक निवड

[समोर टेबलावर छापील चादर, हातात पंच मशीन]

नमस्कार. आधी वर्गातला पंखा बंद करा, नाहीतर आपली सगळी कागदी ठिपक्यांची प्रजा पाचव्या मिनिटाला बाकाखाली.

सातवीत मुलं ‘अनुकूलन’ शिकतात, दहावीत ‘उत्क्रांती’. तोवर एक समजूत घट्ट बसलेली असते: प्राण्याला गरज पडली, म्हणून तो बदलला. व्याख्या पाठ करून ती निघत नाही. म्हणून हा खेळ.

साहित्य: हिरव्या-तपकिरी नक्षीची जुनी चादर किंवा साडीचा मीटरभर तुकडा. तपकिरी, हिरवा, निळा, लाल आणि पांढरा असे पाच रंगांचे कागद. पंच मशीननं प्रत्येक रंगाचे शंभरेक ठिपके पाडा आणि वेगवेगळ्या काडेपेट्यांत भरून ठेवा. घोटीव कागद घेऊ नका.

[ठिपका जवळून, दोन्ही बाजू]

हे बघा, हा घोटीव कागदाचा ठिपका. मागची बाजू पांढरी. कापडावर टाकला की निम्मे ठिपके उलटे पडतात आणि लाल ठिपका पांढरा म्हणून मरतो. शिवाय तो ट्यूबलाइटखाली चमकतो, म्हणजे ठिपके टिपणारं मूल, आपल्या खेळातला पक्षी, रंग नाही, चमक टिपतो. दोन्ही बाजूंनी रंगीत असलेला टिंटेड पेपरच घ्या.

आता प्रत्येक रंगाचे 20, एकूण 100 ठिपके कापडभर पसरा. पाच मुलं पक्षी. पक्ष्यानं कापडाकडे पाठ करून उभं राहायचं, वळायचं, पहिला दिसेल तो एकच ठिपका उचलायचा, पुन्हा पाठ करून वाटीत टाकायचा. प्रत्येकी 15, म्हणजे 75 गेले.

पाठ करण्याचा नियम मुलांना जाच वाटतो, पण तो सोडू नका. नाहीतर मुलं आपल्यासमोरचा कोपरा हातानं साफ करतात. मग कोण कुठे पडलं यावर निवड होते, रंगावर नाही.

कापड वर्तमानपत्रावर झटका, उरलेले मोजा. 25 भरायला हवेत. कमी भरले तर चादरीच्या घडीत शोधा. समजा तपकिरी 9, हिरवे 8, निळे 4, लाल 3, पांढरा 1. प्रत्येकाला त्याच रंगाची तीन पिल्लं: 36, 32, 16, 12, 4. पुन्हा शंभर. अशा तीन पिढ्या करा, दर वेळी आकडे तक्त्यात लिहा.

इथे कुणीतरी म्हणतंच, “सर, ठिपक्यांनी रंग बदलला!” लगेच उत्तर देऊ नका. रंग बदललेला एक ठिपका दाखव म्हणावं. मूल शोधतं, सापडत नाही. बदललं ते रंगांचं प्रमाण. हीच नैसर्गिक निवड.

[छापील चादर काढून पांढरी अंथरतात]

आता याच ठिपक्यांना पांढऱ्या चादरीवर आणा. पांढरे बहुधा संपलेले असतात. गरज पांढऱ्याची आहे, आणि एकही पांढरा उगवत नाही. इथे घाई करू नका. दोन पिढ्या तसंच चालू द्या. एखादा पांढरा उरलेला असेल तर तो काढू नका, तोच कसा पसरतो ते दिसेल.

मग पाच रंगांच्या पाच चिठ्ठ्या करा. दर पिढीत 75 पिल्लांपैकी एकाचा रंग चिठ्ठीनं ठरवा. हे उत्परिवर्तन, म्हणजे पिल्लात योगायोगानं होणारा आनुवंशिक बदल. कधी लाल निघतो आणि लगेच टिपला जातो. पांढरा निघाला तरी तो चिठ्ठीत निघाला, चादर बघून नाही.

निसर्गातला नमुना हवा तर इंग्लंडमधला बिस्टन बेट्युलारिया हा एरवी फिकट रंगाचा पतंग सांगा. कारखान्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळवंडली, आणि त्यांवर काळा पतंग कमी दिसे. मँचेस्टरमध्ये त्याचा काळा प्रकार 1848 मध्ये नोंदला गेला, आणि 1895 पर्यंत तिथले सुमारे 98 टक्के पतंग काळे होते. हवा स्वच्छ झाल्यावर काळे पुन्हा घटले. केंब्रिजचे जीवशास्त्रज्ञ मायकेल मजेरस यांनी 2001 ते 2007 या काळात हजारो पतंग सोडून पाहिले: पक्षी काळ्यांनाच जास्त टिपत होते. काजळीनं पतंग काळे झाले असं मात्र सांगू नका. तीच जुनी समजूत मागच्या दारानं परत येते.

एक अडचण येईलच. एखाद्या गटात छापील चादरीवर लाल वाढतात, आणि मुलं म्हणतात आमचं चुकलं. चुकलेलं नसतं. 25 जणच उरतात तेव्हा नशिबाचाही वाटा मोठा असतो. तीन-चार गटांची बेरीज घ्या, कल दिसेल. त्या गटाचे आकडे तक्त्यात जसेच्या तसे ठेवा, खोडरबर बाजूला.