साठाव्या पानावर थांबलेला माणूस

मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय ‘एक शहर, एक पुस्तक : उपक्रमाची आखणी’ असा छापला आहे. आखणीची टिपणं मी आणली आहेत आणि त्यावर बोलणारही आहे. पण गेली काही वर्षं एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. ती ज्यांना सांगावी अशी माणसं एका सभागृहात क्वचितच सापडतात. आज सापडली आहेत, तेव्हा आधी ती सांगतो.

गोष्ट अर्ध्या वाचकाची आहे. पुस्तक घरी नेलं, साठेक पानं वाचली आणि थांबला, असा वाचक. आपल्या सगळ्या आखणीत त्याला कुठेच जागा नसते.

तुम्ही बहुतेक जण ग्रंथालयांतले, वाचक मंडळांतले. त्यामुळे मूळ हकिगत थोडक्यात सांगतो. 1998 साली अमेरिकेतल्या सिएटलमध्ये, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या वॉशिंग्टन सेंटर फॉर द बुकच्या नॅन्सी पर्ल यांनी ‘अख्ख्या सिएटलनं एकच पुस्तक वाचलं तर?’ हा प्रश्न शहरापुढे ठेवला. पुस्तक होतं रसेल बँक्स यांची 1991 सालची कादंबरी, ‘द स्वीट हिअरआफ्टर’. एवढ्या निवडीवरच मी तासभर बोलू शकेन. लहानशा गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात, आणि मागे उरलेलं गाव भरपाईच्या खटल्याभोवती हळूहळू उसवत जातं. कादंबरी चौघं सांगतात. बस चालवणारी बाई, जुळी मुलं गमावलेला बाप, बाहेरून आलेला वकील, आणि अपघातातून वाचलेली पण पायांतली ताकद गमावून बसलेली मुलगी. चौघांचं खरं वेगवेगळं. अशा पुस्तकाबद्दल ‘छान आहे’ म्हणून कुणाला उठता येत नाही. कुणाच्या तरी बाजूनं उभं राहावंच लागतं.

याच नॅन्सी पर्ल यांचा 50 पानांचा नियम प्रसिद्ध आहे. 50 पानं वाचा, गोडी लागली नाही तर पुस्तक खुशाल मिटा. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर 100 मधून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पानं वाचा. पुढच्या रांगेत बोटांवर हिशेब सुरू झालेला दिसतोय! 72 असेल तर 28 पानं, बरोबर. आणि शंभरी गाठलीत तर नुसतं मुखपृष्ठ पाहून निकाल देण्याचा हक्क तुमचा, असंही त्याच म्हणतात.

म्हणजे सगळ्या शहराला एक पुस्तक वाचायला सांगणारी बाई तीच आणि ते मिटायची मोकळीक देणारीही तीच. जगभरच्या आयोजकांनी तिची पहिली गोष्ट उचलली. दुसरी उचलायला हवी, हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, ते सांगतो.

आमच्या उपक्रमाचं दुसरं वर्ष होतं. चर्चेची तिसरी संध्याकाळ. चाळीस खुर्च्या, जवळजवळ सगळ्या भरलेल्या. चर्चा चालवायला आलेले गृहस्थ अभ्यासू, तयारी करून आलेले. त्यांनी उभं राहून पहिलंच वाक्य उच्चारलं, “ज्यांचं पुस्तक वाचून पूर्ण झालंय त्यांनी हात वर करा.” अकरा हात वर आले. उरलेल्या माणसांनी काय केलं असेल? शाळेत गृहपाठ न केलेली मुलं करतात तेच. माना खाली घातल्या.

मागून दुसऱ्या रांगेत एक माणूस होता. रात्रपाळीला जाता जाता आला होता, डबा मांडीवर, डब्यावर आमच्या त्या वर्षीच्या पुस्तकाची प्रत. प्रतीत खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं, आणि ते सुरुवातीच्याच पानांत होतं. पाच मिनिटांत तो उठला. हळूच बाहेर पडला. मी मागे गेलो. जिन्यात गाठलं. म्हटलं, कंटाळवाणं वाटलं का? तो म्हणाला, “नाही हो. त्या बापाला मुलीचं पत्र सापडतं आणि तो ते न वाचताच जाळतो ना, तिथं थांबलोय. पुढं जाववत नाही. मी असतो तर वाचलं असतं. त्यानं का नाही वाचलं, एवढंच विचारायला आलो होतो. पण इथं सगळ्यांचं वाचून झालंय.”

सगळ्यांचं कुठे झालं होतं? अकरा जणांचं झालं होतं. पण खोलीनं त्याला सांगितलं ते असं.

आम्ही जिन्यात वीस मिनिटं बोललो. बापानं पत्र का जाळलं असेल, याची तीन कारणं त्यानं मला दिली. त्यातलं एक मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. आत त्या वेळी लेखकाच्या शैलीवर चर्चा चालू होती. मी परत गेलो तेव्हा कुणीतरी ‘प्रवाही भाषा’ म्हणत होतं. अहवालात आम्ही त्या संध्याकाळची उपस्थिती लिहिली आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याची नोंद केली. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला वाचक जिन्यात होता, हे लिहायला अहवालात रकानाच नव्हता.

तेव्हापासून मी हे म्हणत आलोय. पुस्तक पुरं केलेला माणूस बरेचदा निकाल घेऊन येतो. अडलेला माणूस प्रश्न घेऊन येतो. आणि प्रश्नाशिवाय चर्चा होत नाही, भाषणं होतात.

आता निवड समित्यांकडे वळतो, कारण रोग तिथूनच सुरू होतो. 2001 साली शिकागोनं हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ घेतली. वाचणाऱ्यांना कपड्यांवर लावायला बिल्ले दिले, म्हणजे दोन अनोळखी माणसांना गाडीत बोलायला निमित्त मिळावं. मला ही कल्पना फार आवडते. पुस्तक पुरं झाल्याचा तो बिल्ला नव्हता, वाचत असल्याचा होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कनं तसं करायचं ठरवलं आणि तिथे गाडं अडलं. चँग-रे ली यांची ‘नेटिव्ह स्पीकर’ की जेम्स मॅकब्राइड यांचं ‘द कलर ऑफ वॉटर’, यावर दोन तट पडले. अमुक पुस्तकानं अमुक समाज दुखावेल का, यावर खल झाला, आणि शेवटी शहराचं असं एक पुस्तक ठरलंच नाही. हॅरॉल्ड ब्लूम यांच्यासारखा मोठा समीक्षक तर सगळ्यांनी एकदम एकच वाचायचं या कल्पनेवरच तुटून पडला. उलट पर्ल यांचं म्हणणं असं की हा ग्रंथालयाचा कार्यक्रम आहे, नागरिकशास्त्राचा तास नाही. समाजाची दुखणी बरी करण्याचं ओझं कादंबरीवर टाकू नका.

मी पर्ल यांच्या बाजूचा. कारण कुणीच दुखावणार नाही असं पुस्तक शोधायला बसलं की हाती लागतं ते कुणालाच न अडवणारं पुस्तक. मग साठाव्या पानावर कुणी पत्रासाठी थांबत नाही. सगळे सुखरूप शेवटाला पोचतात आणि चर्चेत बोलायला काही नसतं. डब्लिनची हिंमत बघा. 2006 साली त्यांनी आपल्या ‘वन सिटी, वन बुक’ची सुरुवात फ्लॅन ओब्रायन यांच्या ‘अॅट स्विम-टू-बर्ड्स’नं केली. त्या कादंबरीला एक सुरुवात नाही, तीन आहेत. पहिल्याच काही पानांत वाचक अडखळणार हे निवडणाऱ्यांना माहीत असणारच. तरी निवडली, आणि तो उपक्रम दर एप्रिलमध्ये होत राहिला.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. एक आकडा सांगतो आणि आखणीकडे येतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कला निधीच्या 2004 सालच्या अहवालात दिसलं की वर्षभरात कथा, कादंबरी, कविता, नाटक यांतलं काहीतरी वाचलेले प्रौढ 1982 साली 56.9 टक्के होते, ते 2002 साली 46.7 टक्क्यांवर आले. त्यानंतर याच संस्थेनं 2006 साली 10 ठिकाणी ‘बिग रीड’, म्हणजे गावानं मिळून एक पुस्तक वाचणं, करून पाहिलं आणि मग ते देशभर नेलं. म्हणजे हे सगळं वाचन सुटलेल्या माणसासाठीच चाललंय. आणि तो आला की आपण विचारतो, पूर्ण झालं का?

तर आखणी. भराभर सांगतो, लिहून घ्या.

पुस्तक अडीचशे पानांच्या आतलं असेल तर बरं. बाजारात पुरेशा प्रती आहेत ना, हे नाव जाहीर करण्याआधी बघा. जाहीर झाल्यावर प्रतींसाठी रांग लागली आणि प्रती नसल्या, तर तो उत्साह पुन्हा येत नाही. मोठ्या टायपातली, ब्रेलमधली आणि ऐकायची आवृत्ती पहिल्याच दिवशी हवी. काही प्रती नोंदीशिवाय फिरायला सोडा. हरवतील. हरवू देत.

अवधी सहा ते आठ आठवडे. चर्चा एकच मोठी नको, तीन ठेवा. पहिली फक्त पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागावर, आणि तीत पुढचं काही फोडायचं नाही हा नियम दारावरच लावा. त्या चर्चेचा पहिला प्रश्न एकच, “कुठं थांबलात?” शेवटची चर्चा शेवट वाचलेल्यांची.

सोबतचे कार्यक्रम, म्हणजे नाट्यवाचन, प्रदर्शन, पुस्तकातल्या जागांची पायी सफर, लेखकाची भेट. यातला निदान एक असा ठेवा की पुस्तक न उघडलेल्यालाही येता यावं आणि जाताना त्याच्या हातात प्रत पडावी. लेखकाला शेवटी बोलवा. तो आधी आला की लोक त्याचं मत घेऊन वाचतात. ‘कॅनडा रीड्स’ या कॅनडाच्या नभोवाणीवरच्या पुस्तकांच्या स्पर्धेत 2002 पासून पाच जण पाच पुस्तकांची बाजू लढवतात आणि रोज एक पुस्तक बाद होतं. तसा वाद रंगवायचा असेल तर तो निवडीच्या वेळी रंगवा, लोकांसमोर. निवडीचं भांडण बंद खोलीत कशाला?

आणि अहवालात एक रकाना वाढवा. कोण कुठं थांबलं आणि का.

संपवतो. दाराजवळच्या टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. अलीकडे अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक त्यावर लिहा. स्वतःचं नाव नको. चिठ्ठ्या टाकायच्या पेटीच्या शेजारी मी उभा आहे. ज्याला थांबण्याचं कारणही सांगायचं असेल त्यानं घाई करू नये, जिना मोकळा आहे.