तीन बॅटींचा संघ

नमस्कार श्रोतेहो.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे जण मध्यरात्रीपर्यंत जागे होते आणि उरलेल्यांना फटाक्यांनी जागं केलं. भारत ७ बाद २९८, दक्षिण आफ्रिका सर्वबाद २४६. बावन्न धावांनी विश्वचषक आपला. शफाली वर्मा मुळात संघातच नव्हती, प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून ऐन वेळी बोलावलेली. तिच्या ८७ धावा आणि वर दोन बळी. दीप्ती शर्माचे पाच बळी. आणि शेवटचा झेल खुद्द कर्णधार हरमनप्रीतचा, मागे धावत जाऊन उडी मारून घेतलेला.

तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतंय. ‘बायकांचं क्रिकेट आता कुठे सुरू झालं!’ भाजीवाल्याकडे ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, टीव्हीवर तर रोजच. आता कुठे? अहो, पन्नास वर्षं झाली की!

एप्रिल १९७३. गाव आपलं पुणे. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा. संघ किती, तर तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी लखनौला भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी झाली होती, महेंद्रकुमार शर्मा नावाच्या गृहस्थांच्या खटपटीतून. पुढची स्पर्धा वाराणसीला, तिथे आठ संघ. त्याच्या पुढची कलकत्त्याला, तिथे चौदा. तीन, आठ, चौदा. ना टीव्ही, ना जाहिरात, आणि संघ वाढतायत. ऑक्टोबर १९७६ मध्ये बंगळुरूला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली अधिकृत कसोटी, शांता रंगास्वामी कर्णधार. त्याच मालिकेत पाटण्याला पहिला कसोटी विजय, तोही हजारोंच्या गर्दीसमोर. १९७८ ला विश्वचषक भारतातच झाला. डायना एडलजी कर्णधार. तिन्ही सामने हरलो, पण खेळलो.

आणि या सगळ्यात क्रिकेट नियामक मंडळ कुठे होतं? कुठेच नव्हतं. पुरुषांचं मंडळ वेगळं, बायकांची संघटना वेगळी. १९७३ ते २००६ हा सगळा संसार त्या संघटनेनं ओढला. पुन्हा सांगते, १९७३ ते २००६. तेहेतीस वर्षं.

मंडळ नव्हतं, पण रेल्वे होती. रेल्वेनं या मुलींना नोकऱ्या दिल्या. महिन्याचा पगार आणि सामन्यासाठी रजा, एवढ्या दोन गोष्टींवर कितीजणींचं क्रिकेट तिशीपर्यंत टिकलं. नाहीतर शिक्षण संपलं की स्थळं बघायला सुरुवात, आणि बॅट माळ्यावर.

आता त्या काळी खेळायचं म्हणजे काय, हे पुस्तकातून कळत नाही. ते मला माझ्या मावशीमुळे कळलं. मावशी माझी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्याच्या संघातून खेळली. देशाकडून नाही हो, राज्याकडून, तेही थोडेच सामने. पण गोष्ट तिच्याकडे अशी आहे की आमच्या घरी पाहुणे आले की ती सांगितल्याशिवाय चहाचे कप उचलले जात नाहीत.

सामना होता उत्तरेतल्या एका गावी. गावाचं नाव मावशी दर वेळी वेगळं सांगते, तेव्हा ते सोडा. दोन रात्रींचा प्रवास, सेकंड क्लासचा डबा, आरक्षण नाही. पंधरा मुली, पंधरा वळकट्या आणि दोन मोठ्या किटबॅगा. त्या किटबॅगांवरच पाळीपाळीनं बसायचं. पाण्याला फिरकीचा तांब्या. (तांब्यातलं पाणी काय गार लागायचं! आता वीस रुपयांची बाटली घ्यायची आणि कोमट पाणी प्यायचं, ही कसली प्रगती, पण तो विषय वेगळा.) डब्यातल्या एका आजोबांनी विचारलं, ‘नाटकमंडळी का?’ मावशी म्हणाली, ‘नाही आजोबा, क्रिकेट.’ आजोबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘पण तुम्ही काय करता त्यात?’

उतरायची सोय शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला लावायची आणि खाली वळकट्या पसरायच्या. जेवण बादलीतून. वाढणारा शिपाई फळ्यासमोर उभा.

आता मुख्य गोष्ट. संघाकडे बॅटी तीन. तीन म्हणजे तीनच, आणि त्याही संघाच्या, कुणा एकीच्या नव्हेत. हे फक्त मावशीच्या संघात नव्हतं बरं का. त्या काळच्या मोठ्या मोठ्या खेळाडूंनीही हेच सांगितलंय. मग हिशोब असा: दोन बॅटी सलामीच्या दोघींकडे, तिसरी तीन नंबरला. चार नंबरची काय करणार? सलामीची बाद होऊन येईपर्यंत थांबणार. ती आली की तिची बॅट हिच्या हातात. पॅडचंही तेच. म्हणजे चार नंबरची मुलगी सीमारेषेवर मोकळ्या पायांनी उभी, आणि आपली मैत्रीण बाद होऊ नये अशी प्रार्थना करायची की व्हावी अशी, हेच तिला कळत नसे.

मावशी चार नंबर.

सलामीला होती एक उंच, तापट मुलगी. नाव सांगत नाही, त्या बाई आजही पुण्यात आहेत आणि रेडिओ ऐकतात. छान खेळत होत्या. आणि धावचीत झाल्या, पलीकडच्या मुलीच्या चुकीनं. तिनं आधी ‘ये’ म्हटलं आणि मग ‘नको’ म्हटलं. आता ही बाई मैदानातून निघाली ती तणतणत. चेहरा लाल. सीमारेषेजवळ मैदानाचा लोखंडी रोलर उभा होता. त्याच्यापाशी येऊन तिनं दोन्ही हातांनी बॅट उचलली डोक्याच्या वर, रोलरवर हाणायला. आणि मावशी किंचाळली:

‘अगं, बॅट नको! माझी आहे ती आता! डोकं आपट हवं तर!’

अख्खं मैदान हसलं. मराठी न कळणारेसुद्धा हसले. ती बाई हात वर करून तशीच उभी राहिली, मग तिलाही हसू फुटलं आणि तिनं बसकणच मारली जमिनीवर. बसली ते बरंच झालं, कारण पॅड काढायचे होते.

तिकडे पंच घड्याळ बघतायत. इकडे डावा पॅड निघाला, मावशीच्या पायाला बसला. पॅड पुरुषांच्या मापाचे, मांडीपर्यंत येणारे. चालताना मावशीचा गुडघा कुठे वाकतो ते कळायचं नाही. उजव्या पॅडचा मधला पट्टा बकलात अडकला. तिघीजणी ओढतायत. पट्टा तुटला. आता काय? धावफलक लिहिणाऱ्या मुलीच्या वेणीला लाल रिबीन होती. ती कुणीतरी सर्रकन ओढून काढली आणि पॅड गुडघ्यामागे बांधला, वर फूल काढून. मावशी म्हणते, ‘फूल काढायची काही गरज नव्हती, पण सवयच ना हाताला!’

ग्लोव्ह्ज तर पहिलीच्या घामानं ओले गच्च.

अशी मावशी मैदानात गेली. एका पायाला लाल रिबिनीचं फूल. समोरची गोलंदाज धावत आली आणि मध्येच थांबली, हसू आवरेना. पुन्हा मागे गेली. पुन्हा आली. चेंडू पडला तो थेट फुलटॉस. मावशीनं तो फिरवला लेग साइडला, चौकार. मॅटवरचा खेळ, चेंडू मॅट सोडून पुढे गेला की मैदानात नुसती धूळ.

मावशीच्या धावा किती झाल्या? ती चौदा सांगते. आई म्हणते सात. आई तिथे नव्हती, पण आईला सगळंच माहीत असतं.

आणि गोष्टीचा शेवट मला सगळ्यात आवडतो. मावशी त्रिफळाचीत झाली. वाईट वाटलं, डोळे भरून आले. पण परत येतायेताच पुढची मुलगी सीमारेषेवरून ओरडायला लागली, ‘पळत ये, पळत ये!’ ‘बाद झाल्यावर रडायलासुद्धा वेळ नव्हता गं,’ मावशी म्हणते. ‘आधी पॅड सोडायचे, मग रडायचं. आणि पॅड सोडेपर्यंत रडायचं राहूनच जायचं.’

परवा टीव्हीवर एका मुलीची किटबॅग उघडलेली दिसली. मावशीनं चष्मा पुसला आणि बॅटी मोजल्या. बोलली काही नाही, पण दोनदा मोजल्या.

बघा, गोष्टीत वेळ गेला. माझं नेहमीचंच. आता भराभर सांगते.

त्या महिला क्रिकेट संघटनेचं सचिवपद नूतन गावसकर यांनी सांभाळलं. हो, सुनील गावसकरांच्या भगिनी. पैसे नाहीत, प्रायोजक नाहीत, फक्त हौस होती, असं त्या सांगतात. अभिनेत्री मंदिरा बेदी यांनी एका हिऱ्यांच्या जाहिरातीचं आपलं मानधन संघटनेला देऊन टाकलं आणि त्यातून संघाची विमानाची तिकिटं निघाली, ही आठवण नूतनताईंचीच. २००५ ला मिताली राजचा संघ दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेला. मानधन, मितालीनंच सांगितलेलं, एका सामन्याचे हजार रुपये. सामन्याचे हजार रुपये, श्रोतेहो, २००५ साली, विश्वचषकात!

२००६ ला संघटना मंडळात विलीन झाली. तेव्हा सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, स्वतः लेगस्पिनर. मग सोयी आल्या: मैदानं, फिजिओ, चांगली हॉटेलं. पुढे २०१७ चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना. १९८६ ला याच लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये डायना एडलजींना बाई म्हणून आत सोडलं नव्हतं. २०१७ चा तो सामना आपण नऊ धावांनी हरलो, पण देश जागा झाला. बोरिवलीच्या पूनम राऊतच्या त्यातल्या ८६ धावा लोक विसरले, मी नाही विसरले. २०२२ ला मंडळानं सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं. २०२३ ला महिला प्रीमियर लीग आली आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला पहिल्याच लिलावात तीन कोटी चाळीस लाख मिळाले. चांगलं झालं. मिळायलाच हवेत.

पण एक गोष्ट मला खुपते आणि ती मी बोलणारच. मंडळानं पैसा आणला आणि कसोटी आटली. २००६ नंतर भारताच्या मुली थेट २०१४ ला कसोटी खेळल्या. आठ वर्षं एकही कसोटी नाही. एकही नाही! इंग्लंडमधल्या वर्म्सलीला ती २०१४ ची कसोटी खेळायला उतरलेल्या अकरांपैकी आठजणींची ती पहिलीच कसोटी, स्मृतीही त्यात होती. आणि समोर इंग्लंड असून त्या जिंकल्या. मग पुन्हा २०१४ ते २०२१ खंड. मधल्या वर्षांत ज्या मुली चांगल्या खेळल्या आणि निवृत्त झाल्या, त्यांचं काय?

डिसेंबर २०२३ मध्ये कसोट्या दिल्या, तर इंग्लंडला डी. वाय. पाटीलवर ३४७ धावांनी हरवलं आणि पाठोपाठ वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत पहिल्यांदाच नमवलं. पुढच्या वर्षी चेन्नईला एका डावात ६ बाद ६०३, शफालीचं द्विशतक. आणि या सगळ्या कसोट्या किती दिवसांच्या? चार. पुरुषांना पाच दिवस, यांना चार. पाचवा दिवस का नाही, याचं पटेल असं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर आकाशवाणीच्या पत्त्यावर कळवा.

नमस्कार.