आजीचा जीव घाबरला होता तेव्हा
हा सांगलीचा आयर्विन पूल. ऑगस्ट 2019 ला कृष्णा इथं 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. आमच्या घरी तेव्हा हिशोब चाललेला, 2005 ला पाणी गल्लीच्या तोंडाशी थांबलं होतं म्हणजे आताही तिथंच थांबणार, आणि आजी एकटीच म्हणत होती, "माझा जीव घाबरतोय रे, चला इथनं." तिला सगळ्यांनी गप्प बसवलं, मीपण.

मेंदूवर संशोधन करणारा अँटोनिओ दमासिओ मी त्यानंतर वाचला. 1944 ला लिस्बनमध्ये जन्म, तिथंच डॉक्टर झाला, मग 1976 पासून बरीच वर्षं अमेरिकेत आयोवा युनिव्हर्सिटीत होता, बायको हॅना पण मेंदूचीच संशोधक. त्यांच्याकडं असे पेशंट यायचे ज्यांच्या मेंदूचा कपाळामागचा खालचा भाग ट्यूमरनं नायतर मार लागून गेलेला. बुद्धी शाबूत, स्मरणशक्ती शाबूत, पण नोकरी गेलेली, संसार मोडलेला, आणि हे सगळं दुसऱ्याचं असल्यासारखं थंडपणे सांगणार. एकाला दमासिओनं विचारलं, पुढच्या महिन्यात या दोनपैकी कुठल्या तारखेला येताय? तो जवळजवळ अर्धा तास डायरी उघडून हवामान, बाकीची कामं असलं काय काय मोजत बसला, शेवटी यांनीच एक तारीख सांगितली तर म्हणे, बरं, चालेल. मला हा माणूस विसरताच येत नाही. विचार सगळा होता, पण अमुक एक बरं वाटतंय असं आतून काही येतच नव्हतं.

मग त्यांच्यासोबत काम करणारा संशोधक अँटोइन बेचारा आणि या टीमनं पत्त्यांचा खेळ काढला. चार गठ्ठे, दोनांत पैसे जास्त मिळतात पण मधेच मोठा फटका बसतो, दोनांत थोडे मिळतात पण शेवटी फायदा. हाताला घाम किती येतो ते मोजायला बोटांना वायरी. त्या पेशंटपैकी काहींना कुठला गठ्ठा वाईट ते सांगताही आलं, तरी हात तिकडंच जायचा, आणि घाम नाही. 2004 ला काहींनी आक्षेप घेतला की या टीमला वाटलं त्यापेक्षा आधीच खेळणाऱ्यांना कुठला गठ्ठा वाईट ते कळलेलं असतं, तो वाद खरा आहे. पण या खेळावरच्या त्यांच्या 1997 च्या पेपरात धडधाकट माणसांना साधारण 10 पत्त्यांनंतरच वाईट गठ्ठ्याकडं हात नेताना घाम येत होता, कारण विचारलं तर सांगता येत नव्हतं.

बोटीत चढवताना मी आजीचा हात धरला होता. ओला होता, मला वाटलं पावसानं.