तार बसवल्यानंतरची पहिली रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

दातांना तारा लावून मूल दवाखान्यातून बाहेर पडतं तेव्हा बहुधा खुशीत असतं. दुखायला लागतं ते तीन-चार तासांनी. दुसऱ्या दिवशी दुखणं सर्वांत जास्त असतं, मग हळूहळू उतरतं आणि आठवड्याभरात बहुतेकांचं थांबतं. हे घरातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक हवं. ज्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं, त्याला वाटतं आता तारा निघेपर्यंत असंच दुखणार. ते घाबरतं, आणि भीतीनं दुखणं आणखी वाढतं.

दात हाडात चिणलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो, त्यात तो झोळीत ठेवल्यासारखा असतो. तार दाताला ढकलते तेव्हा एका बाजूचे तंतू दाबले जातात, तिथं रक्त कमी पोचतं, दाह होतो आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात. दुखतं त्यांच्यामुळे, पण हाड झिजून दाताला वाट मिळते तीही त्यांच्याच मदतीनं. म्हणून आयब्युप्रोफेनसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या रोजच्या रोज घेणं आम्हा ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, पसंत नसतं. त्यांनी दात सरकणं मंदावू शकतं. गोळी लागलीच तर विचारून घ्या, पण त्याआधी करण्यासारखं बरंच आहे.

सुरुवातीच्या तारा बहुधा निकेल-टायटॅनियमच्या असतात. त्यांतल्या काही तोंडाच्या उबेनं ताठ होतात आणि गारव्यानं थोडा वेळ नरम पडतात. अशी तार असेल तर माठातल्या पाण्याचा घोट तोंडात फिरवला की ताण तेवढ्यापुरता उतरतो. पहिले दोन-तीन दिवस मऊ भात, वरण, खिमट, दुधात कुस्करलेली भाकरी द्या. गाल किंवा ओठ घासला जात असेल तर ब्रॅकेटवर, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्यावर, दवाखान्यातून मिळालेलं मेण लावा आणि कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. लवंगेचं तेल मात्र चोळू नका. दुखणं मुळाशी असतं, तिथवर ते पोचत नाही. हिरडी तेवढी भाजते.

च्युइंगम म्हटलं की पालक दचकतात. इंग्लंडमध्ये हजार मुलामुलींवर झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बिनसाखरेचं च्युइंगम चघळायची मुभा होती त्यांना आयब्युप्रोफेन कमी लागलं, आणि त्यांचे ब्रॅकेट काही जास्त निघाले नाहीत. तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

लेझर आणि कंप देणारी उपकरणंही आहेत. औषधाविना केलेल्या उपायांचा, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१६ मध्ये आढावा घेतला. त्यात लेझरनं थोड्या काळापुरता आराम मिळू शकतो असं दिसलं, पण पुरावा कच्चा होता. कंप देणाऱ्या उपकरणांबद्दल तेवढंही ठामपणे म्हणता आलं नाही. त्यासाठी वेगळे पैसे मोजा, असं मी कुणाला सांगणार नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अमेरिकेतला, २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. १५० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला तार बसवल्यानंतर फोन करून काय होईल, काय करावं ते नीट समजावलं. दुसऱ्याला फोन केला, पण फक्त आभार मानायला. तिसऱ्याला फोनच नाही. ज्यांना फोन गेला त्या दोन्ही गटांना दुखणं आणि काळजी कमी जाणवली, आणि त्या दोघांत फरक नव्हता! कुणीतरी आठवणीनं चौकशी केली, एवढंही पुरलं. माझ्या व्यवसायबंधूंना माझी कळकळीची विनंती आहे, त्या संध्याकाळी एक फोन कराच. आणि दवाखान्यातून नाही आला, तर मामा, आत्या, आजोबा, कुणीही करा.

दुखणं आठवड्यानंतरही उतरलं नाही, हिरडी किंवा गाल सुजला, ताप आला, किंवा तारेचं टोक गालात रुतायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

नमस्कार.