पायांवर ओढलेला पंचा

नमस्कार, श्रोतेहो.

थायलंडच्या ईशान्य भागाला तिथले लोक ईसान म्हणतात. शब्द आपलाच आहे, ईशान. त्या ईसानातल्या खोन केन प्रांतात, भातशेतीच्या एका गावात मी स्वयंसेवक म्हणून एक शैक्षणिक वर्ष राहिले. सरकारी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायचं आणि गावातल्याच एका घरी राहायचं, असं ठरलेलं होतं. परत आल्यापासून सगळे विचारतात, उन्हाचं काय केलंस, जेवणाचं काय केलंस? मी नागपूरची, त्यामुळे उन्हाचं मला काही वाटलं नाही. जेवणाचं थोडं जड गेलं, कारण मी शाकाहारी आणि तिथे भाजीतसुद्धा माशाचा रस घालतात. पण 'मांगसविरात' हा शब्द मला पहिल्याच आठवड्यात सापडला. मांसविरती! तो म्हटला की कळायचं. घरची बाई, जिला मी सगळ्यांसारखीच 'मॅ' म्हणजे आई म्हणायचे, ती रात्री चिकट तांदूळ भिजत घालायची आणि पहाटे बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायची. तो भात झाकणाच्या छोट्या करंडीत भरून ती माझ्या हातात द्यायची. गरम भाताचा गोळा बोटांनी वळून खायचा, इथे चमच्याचं काम नाही. दोन आठवड्यांत मला तो भाकरीइतका सवयीचा झाला.

अवघड गेलं ते वेगळंच, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. तिथे तुमची चूक तुम्हाला कुणी तोंडावर सांगत नाही.

मी गेले त्याच महिन्यात गावच्या विहारात कसलासा उत्सव होता. सगळ्या बायका चटईवर पाय एका बाजूला दुमडून बसलेल्या. माझे गुडघे दुखायला लागले, म्हणून मी पाय सरळ पुढे पसरले. समोर भिक्खू बसले होते आणि त्यांच्यामागे बुद्धाची मूर्ती. कुणी हूं की चूं केलं नाही. मॅने शेजारून आपला चौकड्यांचा फाखाओमा, आपल्या पंचासारखाच असतो तो, हळूच उलगडला आणि माझ्या पायांवर ओढला. मला वाटलं, पंख्याचा वारा लागू नये म्हणून पांघरलाय. मी हसून मान लववली, तीही हसली. तळवे मूर्तीकडे किंवा माणसाकडे करणं तिथे किती वाईट समजतात, हे मला शाळेतल्या एका बाईंकडून कळलं, तेही महिन्याभरानं. त्या रात्री मी फार रडले. मॅपुढे मी ते बोलले नाही, तिनेही कधी काढलं नाही.

या वागण्याला थाईत 'क्रेंग जाय' असा शब्द आहे. जाय म्हणजे मन. समोरच्याच्या मनाला ओझं होऊ नये म्हणून आपला शब्द गिळायचा. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द भीड. पण आपण म्हणतो, भीड भिकेची बहीण, आणि मुलांना भिडस्त होऊ नका असं शिकवतो. तिथे मात्र ज्याला क्रेंग जाय कळत नाही, त्याला चांगलं वळण नाही असं धरतात.

वर्गातही तेच. 'खाव जाय माय?' म्हणजे 'मनात शिरलं का?' असं मी विचारायचे, आणि चाळीस मुलं एका सुरात म्हणायची, शिरलं. तीन आठवड्यांनी चाचणी घेतली, तर निम्मे कागद कोरे. मुलं खोटं बोलली नव्हती. 'नाही' म्हणणं म्हणजे बाईंनी नीट शिकवलं नाही असं म्हणणं, आणि ते त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाला मिळून विचारणं सोडलं. बाकाशी जाऊन बसायचे आणि हलक्या आवाजात एकेकाकडून वाचून घ्यायचे.

जुलैत मी शनिवारी जादा तास ठेवायचं म्हटलं. मुख्याध्यापक हसून 'दी' म्हणाले, म्हणजे छान. शनिवारी वर्गात मी एकटीच! भातलावणीचे दिवस होते, मुलं आईबापांबरोबर चिखलात उभी. पुढे मी प्रश्नच वेगळा विचारायला शिकले. 'शनिवार बरा की जेवणाच्या सुट्टीत?' असं म्हटलं की 'नाही' म्हणावं लागत नाही. तास जेवणाच्या सुट्टीत गेला आणि वर्ग भरला.

एक गोष्ट मात्र मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. शाळा मे महिन्याच्या मध्यावर सुरू होते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत 'वाय ख्रू' असतो, गुरुवंदनेचा दिवस. ख्रू म्हणजे गुरू. तोही बहुतेक गुरुवारीच! मुलं गुडघ्यांवर सरकत पुढे येतात आणि गुरूपुढे तबक ठेवतात. तबकात इक्सोराची फुलं असतात. त्या फुलाचं थाई नाव सुई, म्हणजे बुद्धी तशी टोकदार व्हावी. वांग्याचं फूल असतं, कारण ते खाली वाकलेलं असतं. भाताच्या लाह्या असतात. आणि हिरव्या गवताची जुडी. ती हातात घेतली आणि मला पुढचं बोलताच येईना, श्रोतेहो. ती हरळी होती, आपण गणपतीला दूर्वा वाहतो तीच. तुडवली तरी पसरत जाते, तशी विद्या वाढो, म्हणून ती तिथे गुरूला देतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मॅच्या घरी गाव जमलं. ईसानात माणूस दूर जायला निघाला की त्याच्या मनगटाला पांढरे सुती दोरे बांधतात. शरीरातले बत्तीस प्राण जागच्या जागी राहावेत, वाटेत कुठे हरवू नयेत, म्हणून. एकेक म्हातारी पुढे येऊन बांधत होती, काहीतरी पुटपुटत होती. दोन्ही मनगटं कोपरापर्यंत भरत आली. हे दोरे निदान तीन दिवस काढायचे नाहीत, आणि कापायचे तर नाहीतच.

मॅ सगळ्यात शेवटी आली. दोरा बांधताना तिची नजर माझ्या पायांकडे गेली. पाय एका बाजूला दुमडलेले होते, केव्हा दुमडले ते मलाही कळलं नव्हतं. ती काही बोलली नाही. खांद्यावरचा फाखाओमा काढला, घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला.