फायबरबोर्ड की अस्सल लाकूड?

श्रोतेहो, नमस्कार.

घरच्या घरी सुतारकाम करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: एमडीएफ, म्हणजे फायबरबोर्ड, घ्यावा की अस्सल टणक लाकूड? यावर लगेच दोन तट पडतात. एकाच्या लेखी फायबरबोर्ड म्हणजे निव्वळ पुठ्ठा, तर दुसऱ्याच्या लेखी लाकूड म्हणजे उधळपट्टी. मला दोन्ही मते उतावीळपणाची वाटतात. खोड दोन्हींत आहे, फक्त ती वेगवेगळी आहे. लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते. फायबरबोर्ड भाराखाली झुकतो. आपल्या वस्तूला यांतली कोणती खोड मुळीच चालणार नाही, हे आधी ठरवावे.

फायबरबोर्ड तयार करताना लाकडाचे तुकडे वाफेने मऊ करून त्यांचे तंतू सुटे करतात, त्यांत राळ आणि थोडे मेण मिसळतात आणि तो थर तापत्या दाबयंत्रात दाबतात. त्यामुळे या फळीत गाठ नसते आणि रेषांची दिशाही नसते. ती उभी कापा, आडवी कापा, कड सारखीच येते. रंगकामासाठी इतका सपाट पृष्ठभाग लाकडात क्वचितच मिळतो. मात्र झाडात खोडाच्या लांबीने धावणारे जे तंतू फळीला ताठपणा देतात, ते इथे सुटे होऊन विस्कटलेले असतात. म्हणूनच त्याच जाडीच्या सागवानी फळीच्या तुलनेत फायबरबोर्डाचा ताठपणा साधारण एक तृतीयांश भरतो.

हे मी पुस्तकांच्या मांडणीवर शिकलो. १८ मिलिमीटर जाडीच्या फायबरबोर्डाच्या ९० सेंटिमीटर लांब फळ्या मी मोठ्या हौसेने बसवल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या सरळ होत्या; वर्षभरात मधली फळी अशी झुकली की पुस्तके एकमेकांकडे कलली, आणि पुस्तके काढल्यावरही तिचा बाक पुरता गेला नाही. दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले आणि पुस्तके तितकीच दाटीने लावली, तर बाक सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर त्याच भाराने येणारा बाक एक अष्टमांश राहतो. तेव्हा फायबरबोर्डच वापरायचा असेल, तर आधार साठ सेंटिमीटरच्या आत ठेवावेत, किंवा फळीच्या पुढच्या कडेला चार सेंटिमीटर उंचीची लाकडी पट्टी उभी चिकटवावी. माझ्या मांडणीला नंतर हीच पट्टी लावली आणि ती आजवर सरळ आहे.

फायबरबोर्डाची दुसरी नाजूक जागा म्हणजे त्याची कड. वरखालचे थर घट्ट दाबलेले असतात, मधला भाग सैल असतो. तिथे आधी भोक न पाडता स्क्रू पिळला, तर बिस्किटाचे पापुद्रे सुटावेत तशी फळी मधोमध उलते. त्याच कडेवर पाणी मुरले, तर ती फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. मोरीजवळच्या किंवा ओट्याखालच्या कपाटाला म्हणूनच मी साधा फायबरबोर्ड कधीच सुचवणार नाही.

आता लाकडाची खोड पाहू. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, ते ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. तीस सेंटिमीटर रुंद फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. टेबलाच्या वरच्या फळ्या खालच्या आडव्या पट्टीला सरस लावून पक्क्या जखडल्या, की कोरड्या दिवसांत त्यांना चीर जाते. त्यासाठी पट्टीतली भोके लांबट ठेवावीत, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. जुन्या सुतारांनी दाराची चौकट करून तिच्या खाचेत पातळ फळी सरस न लावता मोकळी का ठेवली, याचे कारणही हेच आहे.

याच दारात दोन्हींची सांगड उत्तम बसते: चौकट टणक लाकडाची, कारण कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ, आणि तिची खाच यांचा सांधा तिथे धरतो, आणि मधली फळी फायबरबोर्डाची, कारण तिच्यावर भार नसतो आणि ती फारशी हलत नाही. दार रंगवायचे असेल, तर मी निःसंकोच असेच करीन. पॉलिश करून रेषा दाखवायच्या असतील, तर मात्र सगळेच लाकूड हवे.

कापताना दोन्हींची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. फायबरबोर्डाची धूळ पिठासारखी बारीक असते आणि त्याच्या राळेत बहुधा फॉर्मल्डिहाइड हे अपायकारक रसायन असते, म्हणून त्याबद्दल सगळे बोलतात. पण लाकडाच्या धुळीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. शक्य तर काम उघड्यावर करावे, तोंडाला नीट बसणारा मास्क लावावा, आणि केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ती व्हॅक्यूमने ओढून किंवा ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.