न दुखणारी सूज

[दृश्य : सकाळचा म्हापशाचा मासळीबाजार. बांगडा साफ करणारे हात, अगदी जवळून.]

बांगडा साफ करताना काटा बोटात जातो. क्षणभर हात थांबतो, बोट पाण्याखाली धरलं जातं आणि काम पुढे सुरू होतं. संध्याकाळपर्यंत तेच पेर लाल होतं, गरम लागतं, टरारून सुजतं आणि ठणकतं. लाली, ऊब, सूज, वेदना. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या सेल्ससने याच चार खुणा लिहून ठेवल्या. वैद्यकाचे विद्यार्थी आजही त्या पाठ करतात. या सगळ्याला मिळून नाव आहे दाह.

काट्याबरोबर जंतू आत गेले की तिथल्या पेशी रसायनं सोडून हाक देतात. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी झिरपतं, म्हणून सूज. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंवर तुटून पडतात. त्यांच्या मागून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी येतात आणि पडलेला कचरा गिळून टाकतात. चार-पाच दिवसांत बोट पहिल्यासारखं. गावच्या वेशीवर राखणदार असतो ना, तसा हा दाह शरीर राखतो. तो नसता तर साध्या काट्यानेही माणूस दगावला असता.

[दृश्य : दुपारचं पणजी. अर्ध्यावर ओढलेली शटर्स, सामसूम रस्ता.]

पण काटा नसतानाही हीच फौज वर्षानुवर्षं उभी राहिली, तर? लाली दिसत नाही, ताप येत नाही, काहीही दुखत नाही. याला जुनाट दाह म्हणतात, आणि त्याचं सर्वांत मोठं कोठार आहे पोटाच्या आतली चरबी. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. ही तिच्याही आत, आतडी आणि लिव्हर यांच्याभोवती साचलेली असते. तिथल्या पेशी फुगत जातात, त्यांना प्राणवायू कमी पडू लागतो, काही मरतात. मग मेलेल्या पेशींभोवती मॅक्रोफेज गोळा होतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-6 यांसारखे संदेश सोडत राहतात. टीएनएफमुळे इन्सुलिनचा निरोप पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही आणि साखर रक्तातच राहते. दुसरीकडे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज गिळतात, गिळून तिथेच अडकतात, आणि त्यांचा थर तयार होतो. त्या थरावरची साय दाहाने पातळ होऊन फाटली की तिथे रक्त गोठतं. बहुतेक हार्ट ॲटॅक असेच येतात.

यात दाहाचा हात खरोखर किती, हे 2017 साली स्पष्ट झालं. आधी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनची चाचणी झाली. हे औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, फक्त दाहाचा एक संदेश अडवतं. तरीही 150 मिलिग्रॅमच्या डोसने पुन्हा ॲटॅक, स्ट्रोक किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटलं. पण ते औषध महाग होतं, आणि ते घेणाऱ्यांमध्ये जिवावर बेतणारे संसर्ग थोडे वाढले. म्हणजे दाह मुळापासून दाबून टाकणं परवडणारं नाही. तो उगाच पेटू न देणं हेच आपल्या हातात उरतं.

गोव्याला हे ऐकावंच लागेल. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधल्या मधुमेहाचं प्रमाण देशात 11.4 टक्के निघालं. गोव्यात 26.4 टक्के, सगळ्या राज्यांत वरचं. चार जण जेवायला बसले तर त्यांतल्या एकाला मधुमेह.

[दृश्य : शिवणकामाची टेप. आरशासमोर उभी व्यक्ती, खांद्यापासून कमरेपर्यंत.]

पहिलं मोजमाप घरातल्या शिवणकामाच्या टेपने होतं, आणि बहुतेक जण ते चुकीच्या जागी घेतात. पँटचा पट्टा पोटाखाली उतरलेला असतो, त्यामुळे पँटचा नंबर वीस वर्षं तोच राहतो आणि पोट मात्र वाढत जातं. सरळ उभं राहा. बगलेखालून हात खाली नेत सगळ्यांत शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनने खूण करा. टेप त्या खुणेवरून, मागेही तेवढ्याच उंचीवर, कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, आणि दोन आकड्यांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पुन्हा मोजा. भारतीय पुरुषासाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रीसाठी 80 ही धोक्याची रेषा. वजन बेताचं असूनही कंबर या रेषेपलीकडे गेलेली माणसं आपल्याकडे खूप आहेत, आणि काट्यावर सगळं ठीक दिसतं म्हणून ती निर्धास्त राहतात.

दुसरं मोजमाप रक्ताचं. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, लिव्हर तयार करतं. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. जुनाट दाहासाठी साधी सीआरपी चाचणी उपयोगाची नाही, चिठ्ठीवर ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ असं लिहिलेलं हवं. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयाचा धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेलं तर कुठेतरी ताजा संसर्ग आहे असं समजून तो आधी शोधतात. इथे घोळ होतो तो पावसाळ्यात. डेंग्यू किंवा साधा ताप येऊन गेल्यावर, दाढ दुखत असताना, पायाला जखम असताना चाचणी केली की आकडा भलताच येतो आणि घर घाबरतं. पूर्ण बरं वाटल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, आणि दोन आठवड्यांच्या अंतराने दोन चाचण्या करून सरासरी घ्या. हा आकडा आग आहे एवढंच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. म्हणून चाचणी करायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

[दृश्य : मातीचं भांडं, उकळणारं हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशांची आमटी. वरून सोडला जाणारा बांगड्याचा तुकडा.]

आता स्वयंपाकघर. बांगडा आणि तारले या आपल्या स्वस्त मासळीत ओमेगा-3 मेद भरपूर असतो, आणि दाह आटोपता घेण्याचे संदेश शरीर याच मेदापासून बनवतं. चार माणसांच्या हुमणाला चार बांगडे, अर्ध्या नारळाचं खोबरं, भिजवलेल्या सहा-सात सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, पाच-सहा सोलं (आमसुलं), बिया काढून ठेचलेली दहा-बारा तेफळं (तिरफळं) आणि सपाट चहाचा चमचाभर मीठ. वाटण उकळलं की मासळी सोडायची आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवायची. तेलाचा थेंबही लागत नाही. नारळ मात्र अर्धाच: शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात तीस ग्रॅमहून जास्त मेद असतो आणि तो बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड). तोच बांगडा रवा लावून तळला की रवा तेल पितो. खरी हानी होते ती तेच तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तापवल्याने. काळवंडलेलं, फेसाळणारं, लवकर धूर सोडणारं तेल टाकून द्यावं. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडल्याने तयार होणारी द्रव्यं, 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नसतं. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, डोळे आणि नाक असतात.

हुमण कितीही चांगलं असलं तरी ताट बिघडतं ते शिताने. अर्ध्याहून जास्त ताट भाताचं, वर कढी, कोपऱ्यात चमचाभर भाजी. हे ताट उलटं करा. अर्धं ताट भाजीचं, पाव मासळी किंवा कडधान्याचं, पाव भाताचं. आमटीच्या वाटीने मोजलेला भात एक, फार तर दोन वाट्या. आधी भाजी आणि मासळी खा, भात मागून. याच क्रमाने जेवलं की जेवणानंतरची साखर कमी चढते. तांबडी भाजी, मुगागाठी, आळसांद्यांचं तोणाक, खतखतें: तंतू (फायबर) मिळवायला दुसरीकडे कुठे जायला नको. आतड्यातले जीवाणू या तंतूंपासून ब्युटिरेट बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. ते अस्तर कमकुवत झालं की जीवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि राखणदार पुन्हा जागा होतो. दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू हवेत.

पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोई हा कोंड्याचा पाव घेताना ती फोडून पाहा. आत पांढरीशुभ्र असेल तर मैदाच आहे, वरचा कोंडा नावापुरता. आतूनही तपकिरी असलेली पोई शोधा, नाहीतर सकाळी नाचण्याचं तिजान (पेज) करा, गूळ बेताने घालून.

[दृश्य : दुपार. अंगणातून चालणारी पावलं.]

गोव्याची दुपारची झोप आपल्याला सोडायची नाही. फक्त जेवण आणि आडवं होणं यांच्यामध्ये दहा-पंधरा मिनिटं चालणं घाला. अंगणात, पाऊस असेल तर घरातल्या घरात. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. झोप अर्ध्या तासाची. आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजन उचलण्याचा किंवा उठाबशांचा व्यायाम. अमेरिकेतल्या 2002 सालच्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपुढे 150 मिनिटांचा व्यायाम आणि 7 टक्के वजन कमी करणं एवढंच लक्ष्य ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. 70 किलोच्या माणसाला हे पाच किलोही नाही.

तंबाखू पूर्ण बंद, यात तडजोड नाही. दारूचा हिशेब मात्र करून पाहू. 60 मिलिलिटर फेणीत सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, हलका म्हणून उन्हाळ्यात ग्लास भरून घेतला जातो, पण तो 15 टक्के धरला तर 200 मिलिलिटरमध्ये 23 ग्रॅमहून जास्त जातं, वर गोड सोडा वेगळा. लिव्हरवर चरबी चढलेली असेल तर दोन्ही सोडावेत.

हिरड्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. ब्रश करताना रक्त येणं म्हणजे तिथे रोजचा दाह चालू आहे. रक्त येतं म्हणून लोक नेमकी तीच जागा घासायची सोडतात, कीट साचतं आणि हिरडी आणखी सुजते. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं घासा आणि दंतवैद्याकडून कीट काढून घ्या. मधुमेह असेल तर हिरड्यांच्या उपचाराने साखरेचा तीन महिन्यांचा आकडाही (एचबीए1सी) थोडा उतरतो.

दाहावर डायक्लोफेनॅकच्या गोळ्या स्वतःहून घेत राहू नका. त्या वेदना मारतात, पण रक्तदाब वाढवतात आणि पोट व किडनी यांना इजा करतात. हळद रोज खा, ती हुमणाला हवीच. पण तिच्यात कुरकुमिन तीनेक टक्केच असतं आणि ते रक्तात फारसं उतरत नाही. हळदीच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बोटांचे लहान सांधे सकाळी तासभर आखडत असतील आणि हे सहा आठवडे टिकलं असेल, तर तो संधिवात असू शकतो. तिथे पथ्य आणि चालणं पुरत नाही, औषध वेळेत सुरू व्हावं लागतं. तेल चोळण्यात महिने गेले की सांधे वाकडे होतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत.

[दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. पेन्सिलने लिहिलेला आकडा : 96.]

पहिल्या दिवशीचा कंबरेचा आकडा तारखेखाली लिहून ठेवा. मग तीन महिन्यांनी, त्याच वेळी, रिकाम्या पोटी, बरगडी आणि हाडाच्या मधल्या त्याच खुणेवर, त्याच टेपने.

[पानं उलटतात. नव्या तारखेखाली पेन्सिल टेकते.]